गुरुवारचं बटण

"बाबा, त्या गुरुवारी ते बटण कोणी दाबलं?"

विचारून टाकलं एकदाचं. नूरहेनचे कान इतके तापले होते की त्यांच्यावर पाव शेकून निघाला असता.

बाबा लेसच्या ताग्याला दोरा बांधत होता. त्याने गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला, तागा फळीवर सरकवला आणि पुढचा उचलला.

"आपल्याकडे बटणांना काय तोटा?" तो म्हणाला. "शिंपल्याची आहेत, पितळेची आहेत, नवरीच्या पाठीवर लावायची मोत्यांची आहेत. तुला कुठलं हवंय?"

एरवी ती हसली असती. स्फाक्स शहराच्या अख्ख्या जुन्या बाजारात बाबाला मानाने सी मोन्सेफ म्हणत, आणि त्याच्या विनोदांना सगळ्यात मोठ्याने हसणारं माणूस म्हणजे त्याची मुलगी. आज तिने दाराबाहेर पाहिलं. समोर फ्रिकासेवाल्याच्या गाडीशी रिहेम आणि इनेस, तिच्या वर्गातल्या दोघी, तळलेल्या पावातला ट्यूना सांडत उभ्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. रिहेमने हनुवटी वर केली. म्हणजे, पुढे?

पैज अशी होती. नूरहेनने बापाला तोंडावर विचारलं, तर पुढचा आठवडाभर फ्रिकासे त्या दोघींकडून. नाही विचारलं, तर सोमवारी वर्गात उभं राहून "मी भित्री आहे" असं सांगायचं. "लॅपटॉपच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर घालणारी तू," रिहेम म्हणाली होती, "आणि तुला बापाला एक प्रश्न विचारता येत नाही?"

आता लॅपटॉपच्या पोटात कॉम्प्युटर घालणं ही थट्टा नव्हती. ते तिने खरंच केलं होतं.

झालं असं, की हिवाळ्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. त्याच्यावर एकच प्रोग्राम चालायचा, दुकानातल्या मालाचा. लेस, फिती, मणी, दोरे, हजारो नग, प्रत्येकाला आकडा. तो प्रोग्राम लिहिणारा माणूस कधीच कॅनडाला निघून गेला होता आणि जुन्या विंडोजशिवाय दुसरीकडे कुठे उघडायचं नाही, असा त्या प्रोग्रामचा हट्ट होता. बाबाने नवा कोरा लॅपटॉप आणला. प्रोग्राम त्यावर चढेना. दुरुस्तीवाल्याने मान हलवली, नवा प्रोग्राम घ्या म्हणाला, सगळा माल पहिल्यापासून भरा.

"मी करते," नूरहेन म्हणाली.

"काय करतेस?"

"व्हर्च्युअल मशीन. शाळेत सांगितलंय आम्हाला. नव्या लॅपटॉपच्या आत एक जुना कॉम्प्युटर तयार करायचा. खरा नाही, नुसता भास. पण प्रोग्रामला वाटतं तो खराच आहे. तो खूश, आपण खूश."

बाबाने जरा विचार केला. "म्हणजे लॅपटॉप पोटुशी."

"तसंच म्हण."

"आणि बाळ आईपेक्षा वयाने मोठं."

त्या दिवशी जेवताना उम्मीला, म्हणजे नूरहेनच्या आईला, हसून हसून ठसका लागला होता.

दुपारी दुकान जेवणासाठी बंद असायचं. अर्ध्या खाली ओढलेल्या शटरमागे, लेसच्या ताग्यांवर मांडी घालून ती बसायची. लॅपटॉपने आधी साफ नकार दिला. चालू होता होताच त्याला अडवून, त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून, एक झोपवून ठेवलेली सोय जागी करावी लागते, हे बरंच डोकं आपटल्यावर तिला कळलं. मग मेमरीचं भांडण. आतल्या मशीनला जास्त दिली तर बाहेरचा लॅपटॉप गुदमरतो, कमी दिली तर आतलं पेंगतं. मग सीडी. जुन्या विंडोजची सीडी होती, पण नव्या लॅपटॉपला ती घालायला तोंडच नव्हतं. इनेसने कुठूनतरी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणून दिला.

सगळ्यात जास्त छळलं ते किल्लीने. प्रोग्रामची एक छोटी यूएसबी किल्ली होती. ती खोचल्याशिवाय तो उघडत नसे. बाबाने तिला दृष्ट लागू नये म्हणून लाल दोऱ्यात पितळेचा इवलासा मासा बांधला होता. किल्ली बाहेरच्या लॅपटॉपला दिसायची, आतल्या मशीनला दिसायची नाही. नूरहेन तिला काढायची, फुंकर मारायची, खोचायची. मासा टेबलावर टकटक वाजायचा. शेवटी एका कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही अशा यादीत, किल्ली आतल्या मशीनच्या हवाली करायची सोय सापडली. तिने ती केली. निळा पडदा उघडला आणि त्यावर ते ओळखीचं जुनं फ्रेंच 'स्वागत' आलं.

ती ओरडली नाही. तिने फक्त शटर वर ढकललं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज झाला.

बाबा शेजारच्या सी तिजानीला हाताला धरून घेऊन आला. सी तिजानी चपलांच्या अस्तराचा व्यापारी, कशालाच चांगलं न म्हणणारा माणूस. "बघ," बाबा म्हणाला, "माझ्या मुलीने केलंय. सोळाव्या वर्षी तू काय करत होतास?"

"मार खात होतो," सी तिजानी म्हणाला. मग बराच वेळ पडद्याकडे बघून, हळूच, "आमच्याकडेही असंच एक म्हातारं यंत्र आहे गं पोरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील?"

त्या आठवड्यात नूरहेन शाळेत फळ्यासमोर अशी चालत गेली, जणू फळा तिनेच बसवलाय. वर्षअखेरीला शाखा निवडायची होती. कॉम्प्युटरची शाखा घेणार, असं तिने विचारणाऱ्यांना सांगितलं आणि न विचारणाऱ्यांनाही.

शेवटचं काम म्हणून तिने मशीनचा स्नॅपशॉट घेतला. त्याला नाव दिलं 'सगळं छान'. बाबाला दाखवलं. "हा मशीनचा फोटो. कधी सगळंच बिघडलं, तर हे बटण दाबलं की मशीन या फोटोतल्यासारखं होतं. पण तू दाबायचं नाहीस. फोटो आजचा आहे. आजनंतर जे भरशील ते सगळं पुसलं जाईल. कळलं?"

"कळलं," बाबा म्हणाला. तो तेव्हा एका बाईला फीत मापून देत होता.

आणखी एक गोष्ट तिने केली, आणि तीच पुढे सगळ्यांना महागात पडली. तिने दोरे बंद करवले.

सी मोन्सेफच्या दुकानात ठेवणीचा माल दोऱ्याने ओळखायचा. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईचा रंग ठरलेला. लग्नसराईआधी बाई यायची, लेस पसंत करायची, बाबा त्या ताग्याला तिच्या रंगाचा दोरा बांधायचा. मोंजियाचा पिस्ता. दुसऱ्या एकीचा डाळिंबी, कुणाचा मोरपंखी, कुणाचा कॉफीसारखा. दोरा बांधला की तो तागा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, गिऱ्हाईक राजधानीहून आलेलं असलं तरी. चिठ्ठी नाही, नाव नाही. कुणासाठी, कुठल्या नवरीसाठी, किती हात, ते सगळं बाबाच्या डोक्यात. बाजारात म्हणायचे, सी मोन्सेफचं खरं दुकान त्याच्या टोपीखाली आहे.

"आता कशाला दोरे?" नूरहेन म्हणाली. "प्रोग्राममध्ये राखीव मालाचा रकाना आहे. तिथे भरत जा. मशीन लक्षात ठेवील, तू आराम कर."

बाबाला आधी पटलं नाही. मग पटलं. मग इतकं पटलं की तो आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून पडदा दाखवायला लागला.

आणि त्या गुरुवारी ती शाळेतून आली तर बाबा गल्ल्यामागे बसला होता आणि दुकानात दिवा लावलेला नव्हता.

"तुझं मशीन गेलं," तो म्हणाला.

तिने उघडून पाहिलं. पडदा निळा, स्वागत जागेवर. पण माल सगळा पहिल्या दिवसाचा. राखीवचा रकाना कोरा.

"बाबा, ते फोटोचं बटण दाबलंस का?"

"मी कशाला दाबू? मी हातही लावला नाही. आपोआप झालं."

आपोआप झालं म्हणजे तिचंच चुकलं. बाबा म्हणतोय म्हणजे चुकलंच. किती दिवस ती आपली चूक शोधत बसली. बंद करताना मशीन फोटोकडे परत जावं, अशी काही खूण आपण घालून ठेवली का? मेमरी कमी पडली का? एक चूक खरी सापडली. भरलेल्या मालाची नक्कल तिने मशीनच्या बाहेर काढून ठेवायला हवी होती. उद्या करू, उद्या करू म्हणत राहून गेली होती. तेवढं सापडल्यावर बाकीचंही आपलंच, असं तिने धरलं.

तोवर दुकानात व्हायचं ते झालं. कुठला तागा कुणासाठी, कुणालाच सांगता येईना. दोरे तर नव्हतेच. हस्तिदंती रंगाची एक लेस, जिच्यासाठी कुणी नवरी दोन महिने थांबली होती, ती गाबेसहून आलेल्या एका बाईने उचलून नेली. मग दुसरी गेली. चार बायकांचा माल गेला: पिस्ता, डाळिंबी, मोरपंखी, कॉफी. लग्नं तर तोंडावर आलेली.

बाबा म्हणाला, घरी जाऊन माफी मागायला हवी. त्याने ठेवणीतलं जाकीट घातलं, चार पुडे मिठाई घेतली आणि नूरहेनला सोबत घेतलं. चार घरं. प्रत्येक घरी ती मधोमध उभी राहायची, पायांच्या बोटांकडे बघायची आणि म्हणायची, "माझ्या हातून तुमचं नुकसान झालं. मला माफ करा." बाबा मागे उभा असायचा. त्याचा हात तिच्या खांद्यावर असायचा आणि तिला त्या हाताचा आधार वाटायचा. हे आठवलं की आता तिच्या खांद्याला मुंग्या यायच्या.

शेवटचं घर मोंजियाचं. रिहेमची सख्खी मावशी; मावशीला इथे खालती म्हणतात, म्हणून ती सगळ्यांचीच खालती मोंजिया. ती शिलाई मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या धरून. नूरहेनने वाक्य म्हटलं. खालती तिच्याकडे बघेचना. तिच्या डोक्यावरून ती बाबाकडे बघत राहिली, बराच वेळ. टाचण्या काही काढल्या नाहीत. मग उठून लिंबाचं सरबत आणलं. टाचण्या होत्या म्हणून ती बोलली नाही, असं तेव्हा नूरहेनला वाटलं होतं.

परवा रिहेमने शाळेच्या फाटकाशी तिला बाजूला घेतलं.

"एक सांगू? रागावू नकोस. त्या गुरुवारी माझी खालती तुमच्याच दुकानात होती. तुझ्या बाबांच्या समोर, खुर्चीवर. पडदा अडकला होता म्हणे. तुझे बाबा म्हणाले, थांबा, पोरीने एक बटण करून ठेवलंय, दाबलं की पहिल्या दिवसासारखं नवं. आणि दाबलं."

"कोणी?"

"अगं, कोणी काय? त्यांनी. खालतीने डोळ्यांनी पाहिलं."

"मग ती माझ्यासमोर बोलली का नाही?"

रिहेमने खांदे उडवले. "म्हणाली, बापलेकीच्या मध्ये मी कशाला पडू. पण तेव्हापासून रोज तेच तेच बोलतेय घरी. सुई हरवल्यासारखी."

तर हे असं. आणि आता बाबा पुन्हा पूर्वीसारखा ताग्याला दोरा बांधत होता.

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगितलं होतंस?"

"तेच."

"मग परत सांग. माझ्याकडे बघून."

त्याने दोऱ्याचं टोक शोधलं. ते त्याच्या बोटांतच होतं, तरी तो शोधत राहिला.

तेवढ्यात उम्मी जेवणाची टोपली घेऊन आत आली. शनिवारी ती दुकानातच जेवण आणायची. माशाचा रस्सा घातलेला कुसकुस, वर हरिसाच्या तिखट चटणीचा लाल ठिपका. तिने टोपली गल्ल्यावर ठेवली, दोघांकडे पाहिलं.

"काय झालं? तोंडं का अशी?"

"ती विचारतेय," बाबा म्हणाला.

बस, एवढंच. आणि काय विचारतेय, असं उम्मीने विचारलं नाही. ती टोपलीवरचं फडकं काढायला लागली. चारी टोकं नीट सोडवून, हळूहळू.

एकाची तयारी करून आली होती नूरहेन. दोघांची नव्हती केली.

"तुला माहीत होतं, उम्मी."

"जेवून घे आधी. मासा गार होतोय."

"कधीपासून?"

उम्मीने वाडगे मांडले. "त्याच संध्याकाळी सांगितलं त्यानं. रडत होता गं तुझा बाप. मी कधी पाहिलं नव्हतं त्याला तसं."

"मी पलीकडच्याच खोलीत रडत होते."

उम्मीचा हात वाडग्यावर थांबला. बाहेर इनेस खाता खाता खोकली. फ्रिकासेवाला तिला पाणी देत होता. गल्ली चाललीच होती.

"बटणाचं काही नाही पोरी," बाबा म्हणाला. आवाज खाली, गिऱ्हाइकाला खरा भाव सांगतानाचा. "बटण काय, कुणाच्याही हातून दाबलं जातं. पण मोंजिया म्हणाली, जाऊ दे सी मोन्सेफ, यंत्र गेलं तर गेलं, तुझ्या टोपीखाली आहेच की सगळं. आणि मी ताग्यांकडे वळलो. आणि काही नव्हतं. एक नाव आठवेना. ज्या मोंजियासमोर उभा होतो, तिचा तागासुद्धा ओळखता येईना. तुझं मशीन आल्यापासून मी लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं. किंवा त्याआधीच सुटलं होतं आणि मला कळलं नव्हतं. काय माहीत. तोंडातून गेलं माझ्या, पोरीने काहीतरी करून ठेवलंय."

नूरहेनला त्याची कीव यायला लागली होती आणि तिला ती नको होती. इतक्यात नको होती.

"ते एकदा गेलं तोंडातून," ती म्हणाली. "मग घरी मला सांगितलंस. मग मला चार घरं फिरवलंस. जाकीट घालून. तोंडातून असं किती वेळा जातं, बाबा?"

"आवाज खाली," उम्मी म्हणाली. "बाजार आहे हा. त्याचं नाव आहे इथे. खरं कळलं असतं तर लोक म्हणाले असते, मोन्सेफ म्हातारा झाला, त्याच्याकडे ठेवणीला काही देऊ नका. तू सोळा वर्षांची. तुझं अजून नाव कुठे झालंय बिघडायला?"

"झालं होतं," नूरहेन म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतकं साधं आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. झालं होतं. थोडंसंच, पण झालं होतं. सी तिजानीने परवाच तिला लांबून पाहून हात हलवला होता, नको नको असा. "आमचं म्हातारं यंत्र आहे ते बरं गं पोरी. तू अभ्यास कर." गणिताच्या तासाला ती मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली होती. कोणती शाखा घेणार, असं कुणी विचारलं तर म्हणायची, बघू.

बाबाने खण उघडला. किल्ली काढली, लाल दोरा, पितळी मासा. ती तिच्यासमोर धरली. "तू पुन्हा चालू कर सगळं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार? या वेळी मी बोटसुद्धा लावणार नाही. आणि झालं ते आपल्या तिघांत राहू दे. घरातली गोष्ट घरात. काय?"

तो हसायचा प्रयत्न करत होता. त्याच्या मिशीच्या कडेला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता, दाताने तोडलेला. एरवी तिने तो हात पुढे करून काढला असता.

तिने किल्ली घेतली नाही. ती गल्ल्याच्या पलीकडे गेली, दोऱ्यांच्या फळीपाशी. पिस्ता काढला. डाळिंबी काढला. मोरपंखी, कॉफी. प्रत्येकाचा वीतभर तुकडा तोडला, चारही एकत्र धरले आणि बाबाने शिकवलेली, ताग्याला मारायची ती दुहेरी गाठ मारली. बाबा बघत होता. या दुकानात दोरा बांधणं म्हणजे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

दोरे तिने खिशात टाकले. बाहेर रिहेम आणि इनेस खाणं थांबवून उभ्या होत्या. पैज केव्हाच जिंकून झाली होती, पण दोघींपैकी एकही हसत नव्हती.

"उद्या रविवार," नूरहेन म्हणाली. "मी त्या चारही घरी परत जाणार आहे. नक्कल बाहेर काढून ठेवली नव्हती, ती चूक माझी. तेवढी माफी त्यांच्याकडे राहू दे. बटणाची माफी मी परत घेऊन येणार. बाबा, तुला यायचं असेल तर सकाळी तयार राहा, म्हणजे तुझं तू सांगशील. नाही आलास तर मी एकटी जाईन. घरं मला माहीत आहेत, तूच दाखवलीस."